निरोगी बाळाची ओळख कोण करून देणार?

प्रसूतिगृहातून घरी निघताना बाळंतिणीच्या हाती जी फाइल पडते, तिच्यात बहुतेक सगळे असते. टाक्यांची काळजी कशी घ्यायची, लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या किती दिवस घ्यायच्या, पुढची लस कोणत्या तारखेला, बाळाचे जन्मवजन किती, आणि ताप आला, दूध प्यायचे थांबले किंवा अंग पिवळे पडले तर ताबडतोब या, अशी एक सूचना. यांपैकी काहीच झाले नाही तर बाळ दिवसभर काय करणार आहे, एवढेच त्या फाइलीत नसते. निरोगी बाळ किती रडते, किती वेळा दूध मागते, झोपेत कसे कण्हते, कशाने दचकते, दिवेलागणीनंतर त्याचे काय बिनसते, याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. बिल भरायचे राहिलेले असते, खाली रिक्षा उभी असते, आणि मंडळी दुपट्यात गुंडाळलेले बाळ घेऊन निघतात.

ही उणीव किरकोळ आहे असे मला वाटत नाही. आजाराची लक्षणे शिकवणारी आपली आरोग्यव्यवस्था निरोगीपणाची लक्षणे शिकवत नाही, आणि त्या रिकाम्या जागेत पावडरचे दूध शिरते, पोटदुखीचे थेंब शिरतात, बाळंतिणीला लावलेला बोल शिरतो. नवजात बाळाचे स्वाभाविक वागणे आईवडिलांना आणि घरातल्या मोठ्यांना समजावून सांगणे हा बाळंतपणाच्या सेवेचा ठरलेला भाग असायला हवा. त्याला वेळ नेमून दिलेला असावा आणि ते करणाऱ्याला त्याचे पैसे मिळावेत. एखाद्या डॉक्टरच्या चांगुलपणावर किंवा एखाद्या नर्सताईच्या फुरसतीवर ते सोडून चालणार नाही.

व्यवस्थेने आजारावर भर दिला, यात तिचे चुकले नाही. नव्वदच्या दशकात गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केले, घरोघरी जाऊन नवजात बाळ तपासायला, श्वास मोजायला, जंतुसंसर्ग ओळखायला शिकवले, आणि ३९ गावांतील या कामामुळे नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचा निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याच पायावर २०११ मध्ये देशभर घरच्या घरी नवजात बालकाची काळजी घेण्याचा कार्यक्रम उभा राहिला आणि आशाताई बाळाच्या घरी जाऊ लागल्या. जिथे बाळे न्यूमोनियाने आणि जंतुसंसर्गाने दगावत होती, तिथे आधी त्यांचा जीव वाचवणेच योग्य होते. पण २०२० च्या नमुना नोंदणी पाहणीत महाराष्ट्राचा अर्भक मृत्यूदर हजारी १६ वर आला आहे. देशातली दवाखान्यातील बाळंतपणे २००५-०६ मध्ये ३८.७ टक्के होती, ती २०१९-२१ मध्ये ८८.६ टक्क्यांवर गेली. म्हणजे जवळजवळ प्रत्येक नवी आई आता एका अशा दारातून बाहेर पडते, जिथे तिला काही सांगता येणे शक्य असते. तरीही त्याच २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार जन्मानंतर पहिल्या तासात आईचे दूध मिळालेली बाळे देशात ४१.८ टक्केच होती. बाळंतपण दवाखान्यात आले, पण बाळाविषयीची समज काही त्याच्या मागोमाग आली नाही.

दुसऱ्या रात्रीचेच घ्या. पहिल्या दिवशी बाळ बरेचसे झोपून असते आणि सगळे खूश असतात. दुसऱ्या रात्री ते जागे होते, दर अर्ध्या-पाऊण तासाने छातीशी लागते, पाच-दहा मिनिटे ओढते, डोळे मिटते, आणि खाली ठेवले रे ठेवले की पुन्हा रडू लागते. आईला या वेळी चीक येत असतो, तोही चमच्याने मोजावा इतका, आणि बाळाच्या इवल्याशा जठराला तेवढा पुरतो. भरघोस दूध तिसऱ्या-चौथ्या दिवसाच्या सुमारास उतरते, सिझेरियननंतर कधी त्याहून थोडे उशिरा. बाळाचे हे घडीघडीला ओढणेच आईच्या शरीराला दूध तयार करायला लावते. याच दिवसांत बाळाचे वजन सात ते दहा टक्क्यांपर्यंत घटू शकते. तीन किलोचे बाळ दोनशे-तीनशे ग्रॅमने हलके होते आणि साधारण दहा ते चौदा दिवसांत ती घट भरून काढते. यातले काहीही आजारपण नाही. पण हे कोणी आधी सांगितलेले नसते, म्हणून रात्री दोन वाजता खाटेजवळ बसलेली मावशी म्हणते, “अगं, उपाशी आहे ते. तुला दूधच नाहीये.” रात्रपाळीच्या सिस्टरलाही आणखी पाच बाळंतिणी बघायच्या असतात. डबा उघडला जातो, तीस-चाळीस मिली पावडरचे दूध वाटी-चमच्याने किंवा बाटलीने दिले जाते, आणि बाळ सलग तीन तास झोपते. मग सगळ्यांना खात्रीच पटते की ते खरोखरच उपाशी होते.

ही खात्री फसवी असते, कारण नेहमीपेक्षा जास्त आणि जड पोट भरले की कोणतेही बाळ झोपते. त्या तीन तासांत छातीशी लागणे झाले नाही, म्हणजे शरीराला दूध बनवण्याचा निरोपही गेला नाही. पुढच्या वेळी दूध थोडे कमी येते, वरचे दूध थोडे जास्त लागते, आणि पंधरवड्यात ‘हिला दूध पुरत नाही’ हे भाकीत खरे होऊन बसते. शिशुआहाराच्या पर्यायांची जाहिरात करण्यावर आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने निर्बंध आहेत आणि २००३ च्या दुरुस्तीने ते आणखी कडक झाले, ही चांगलीच गोष्ट आहे. पण रात्री दोन वाजताच्या त्या डब्याला जाहिरातीची गरज पडतच नाही. त्याच संध्याकाळी दहा मिनिटे खर्चून कोणी सांगितले असते की, ‘आज रात्री हे असे करणार आहे, सारखे सारखे पिणार आहे, त्याला पिऊ द्या’, तर तो डबा उघडण्याची वेळ बहुतेक घरांवर आलीच नसती. बाळाला दूध पुरते की नाही हे पाहण्याचा साधा मार्गही तेव्हाच सांगता येतो: पाचव्या-सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत निदान सहा वेळा लंगोट ओला व्हावा, लघवी फिकी असावी, आणि दोन आठवड्यांत वजन जन्मवजनावर परत यावे. रडणे हे दूध मोजण्याचे माप नाही. (कापडी लंगोटाची ही मोजणी सोपी होती. सहा लघव्या एकाच डायपरमध्ये जिरू लागल्यापासून घरोघरचा हा हिशेब बुडाला आहे.)

रडण्याविषयी तर आपल्याला जे माहीत आहे, त्याच्या पावपटही आईबापांपर्यंत पोहोचलेले नाही. टी. बेरी ब्रेझल्टन या अमेरिकी बालरोगतज्ज्ञांनी ८० बाळांच्या आयांकडून रोजच्या रडण्याच्या नोंदी ठेवून घेतल्या आणि १९६२ साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ही सगळी निरोगी बाळे होती. दुसऱ्या आठवड्यात ती दिवसाला साधारण पावणेदोन तास रडत होती, सहाव्या आठवड्यात पावणेतीन तास, आणि मग रडणे उतरत जाऊन बाराव्या आठवड्यापर्यंत बरेच कमी झाले. त्यातले बरेचसे रडणे संध्याकाळचे होते. पुढे अनेक देशांतल्या नोंदी एकत्र करून २०१७ मध्ये जो आढावा घेतला गेला, त्यात सहाव्या आठवड्याचे टोक इतके ठळक दिसले नाही, पण पहिले सहा आठवडे रोज सरासरी दोन तासांच्या आसपास आणि दहा-बारा आठवड्यांना तासाभराच्या जरा वर, हा उतार तिथेही स्पष्ट होता. कालाहारीच्या वाळवंटातले कुंग लोक बाळाला सतत अंगावर वागवतात आणि मागेल तेव्हा पाजतात. रोनाल्ड बार या संशोधकांनी त्यांच्या बाळांचा अभ्यास केला, तेव्हा रडण्याचा चढ-उतार त्यांच्यातही सापडला. फरक एवढाच की ती बाळे एकूण रडत होती ते पाश्चात्त्य बाळांच्या जवळपास निम्माच वेळ.

यातून आईबापांसाठी दोन गोष्टी निघतात आणि दोन्ही सांगायला हव्यात. पहिली अशी की दोन आठवड्यांनंतर रडणे वाढत जाणार आणि तीन-चार महिन्यांत ओसरणार. त्यात आईने काही खाल्ल्याचा दोष नाही की तिच्या दुधाचा नाही. दुसरी अशी की उचलून घेतल्याने बाळ लाडावत नाही. १९८६ च्या एका प्रयोगात ज्या आयांनी बाळांना रोज नेहमीपेक्षा जास्त वेळ अंगावर घेतले, त्यांची बाळे सहाव्या आठवड्यात इतरांपेक्षा ४३ टक्के कमी रडली. आधीच बेसुमार रडणाऱ्या बाळांवर मात्र हा उपाय नंतरच्या प्रयोगात चालला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे, नाहीतर बाळ गप्प होत नाही म्हणून आणखी एका आईला दोष लागायचा. ‘सारखे घेऊ नकोस, हाताची सवय लागेल’ हा सल्ला आपल्याकडे आजही सर्रास दिला जातो. त्याला या वयाच्या बाळाच्या बाबतीत कसलाही आधार नाही.

आता आशाताईंच्या भेटींचे वेळापत्रक या चढ-उताराशेजारी ठेवून पाहा. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर भेटी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. म्हणजे रडणे चढत असते त्याच काळात, अठ्ठाविसाव्या दिवसानंतर चौदा दिवस कोणी फिरकत नाही. बेचाळिसाव्या दिवशी, ऐन भरात, शेवटची भेट होते आणि कार्यक्रम संपतो. त्यानंतर लहान बाळांच्या घरभेटींचा जो पुढचा कार्यक्रम २०१८ मध्ये सुरू झाला, त्याची पहिली भेट तीन महिन्यांना, म्हणजे तोपर्यंत बाळ आपले आपण शांत होऊ लागलेले असते. हे वेळापत्रक मृत्यू टाळण्याच्या दृष्टीने आखलेले आहे आणि त्या दृष्टीने ते नेमके आहे. पण घरातल्या माणसांचा धीर सुटण्याचा जो काळ, तोच त्यात मोकळा राहिला आहे.

त्या मोकळ्या काळात घरे आपापल्या परीने उपाय करतात. कुठे सहाण पुढे येते आणि बाळगुटीत मुरडशेंगेचे दोन वळसे जास्त दिले जातात. जायफळाचा वळसा वाढला तर बाळ गुंगून पडते आणि गुटी ‘लागू पडली’ असे ठरते. कुठे ग्राइप वॉटर येते. कुठे औषधाच्या दुकानातून पोटदुखीचे थेंब आणले जातात. त्यातल्या काही थेंबांत डायसायक्लोमिन हे पोटातली कळ थांबवणारे औषध असते, जे श्वासाला त्रास होण्याच्या धोक्यामुळे सहा महिन्यांखालच्या बाळांना देऊच नये असे वैद्यकशास्त्र कितीतरी वर्षांपासून सांगते आहे. मेळघाटात पोट फुगलेल्या बाळाला तापलेल्या विळ्याने पोटावर चटके देण्याची ‘डंबा’ ही प्रथा अजून पुरती गेलेली नाही. तिच्या बातम्या आल्या की शहरातला वाचक हळहळतो आणि अंधश्रद्धेला नावे ठेवतो. पण फ्लॅटमध्ये राहणारे सुशिक्षित घर दर रडण्यामागे पोटदुखीच आहे असे धरून थेंबांची बाटली उघडते, तेव्हा त्याने बाळाचे वागणे त्या पाड्यावरच्या घराइतकेच चुकीचे वाचलेले असते. इजेत जमीन-अस्मानाचा फरक आहे, समजुतीत फारसा नाही. उलट मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढण्याला माझी हरकत नाही. त्यात बाळाच्या पोटात काही जात नाही, आणि रडण्याचा भर ओसरेपर्यंत घरातल्या चार माणसांना करायला काहीतरी काम मिळते.

बाळाच्या वागण्यात काही रचना असते, हेच मुळात अनेकांना ठाऊक नसते. १९७३ मध्ये ब्रेझल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नवजात बाळाचे वर्तन तपासण्याची जी पद्धत मांडली, तिच्यात बाळाच्या सहा अवस्था धरल्या आहेत: गाढ झोप, चळवळी झोप, पेंग, शांत जाग, चुळबुळीची जाग आणि रडणे. ही तपासणी आईच्या डोळ्यांसमोर केली तर काय घडते, ते पाहण्यासारखे असते. झोपलेल्या बाळाच्या मिटल्या डोळ्यांवरून टॉर्चचा उजेड क्षणभर फिरवायचा. पहिल्या वेळी पापण्या घट्ट होतात, हात उडतात, अंग दचकते. थोडे थांबून पुन्हा उजेड, या वेळी फक्त पापण्या हलतात. पाच-सहा वेळा केल्यावर निरोगी बाळ त्या उजेडाकडे चक्क दुर्लक्ष करून झोपून राहते. जे बाळ नकोशी गोष्ट अशी गाळून टाकू शकते, त्याच्यासाठी घरात कुकरची शिट्टी बंद ठेवण्याची आणि सगळ्यांनी कुजबुजत बोलण्याची गरज नाही, हे आईला व्याख्यान न देता कळते. मग बाळ जागे, शांत, डोळे टक्क उघडे असे असताना डॉक्टर एका कानाशी हळू बोलतात आणि आई दुसऱ्या कानाशी. बाळ थोडे थबकते आणि मान पुष्कळदा आईकडे वळते. त्याला वीस ते तीस सेंटीमीटरवरचे सर्वांत नीट दिसते, म्हणजे पाजायला घेतल्यावर आईचा चेहरा जितक्या अंतरावर असतो तितके. या दहा मिनिटांनंतर आई बाळाकडे ज्या नजरेने पाहते, ती आधीची नसते.

भुकेच्या खुणाही अशाच दाखवून द्याव्या लागतात. बाळ तोंड उघडून मान इकडेतिकडे वळवते, मूठ तोंडाशी नेते, जीभ बाहेर काढते, मग चुळबुळते, आणि हे सगळे कोणी पाहिले नाही तर शेवटी रडते. रडणे ही भुकेची उशिरा येणारी खूण आहे. रडून लाल झालेल्या बाळाला छातीशी लावणे अवघड जाते, आणि मग ‘हे दूधच धरत नाही’ अशी नवी तक्रार जन्माला येते. आजूबाजूची गडबड पुरे झाल्याच्या खुणा वेगळ्या असतात: मान फिरवणे, जांभई, शिंक, उचकी, बोटे ताठ पसरणे. एखाद्या बारशाला जाऊन पाहा. बारा दिवसांचे बाळ हॉलमधल्या चाळीस माणसांच्या हातांतून फिरते, फ्लॅश उडतात, स्पीकर चालू असतो. बाळ मान वळवते, शिंकते, त्याला उचकी लागते, आणि कोणीतरी म्हणते, “आठवण काढतंय कुणीतरी!” संध्याकाळी ते तीन तास आकांत करते आणि दृष्ट लागली असे ठरते. एवढ्या नजरा एका दिवसात त्याच्यावर पडल्यावर ते निदान अगदीच चुकीचे म्हणवत नाही.

झोपेबद्दल एकच गोष्ट सांगतो. नवजात बाळाची जवळपास निम्मी झोप चळवळी असते. तिच्यात ते कण्हते, तोंड वेडेवाकडे करते, हसते, हातपाय हलवते, त्याचा श्वास कधी भराभर चालतो तर कधी काही सेकंद थांबून पुन्हा सुरू होतो. झोपेतले हे हसू आपल्या बायकांनी पूर्वीच टिपले होते आणि सटवाई त्याला हसवते असे त्या म्हणत. समोरच्या माणसाला पाहून हसू येते ते सहाव्या आठवड्याच्या सुमारास, आणि हे हसू त्याहून निराळे, हा फरक त्यांनी बरोबर ओळखला होता. आजचे आईबाप मात्र त्या कण्हण्याला जाग समजून बाळाला उचलतात, आणि तेव्हा ते खरेच जागे होते. मिनिटभर थांबून पाहिले असते तर दोघेही झोपले असते.

इथे काही वाचक म्हणतील की हे सगळे आजीला ठाऊक असायचे, त्याचा सरकारी कार्यक्रम कशाला करायचा? आजीला पुष्कळ ठाऊक होते यात शंका नाही. बाळंतिणीला सव्वा महिना घरकामातून सोडवणे, बाळाला उबेत आणि अंगाशी ठेवणे, मालीश, मागेल तेव्हा पाजणे, हे सगळे आजच्या शास्त्राला मान्य व्हावे असेच आहे. पण त्याच परंपरेत चीक पिळून टाकणे होते, जन्मल्याबरोबर मध चाटवणे होते, आणि नवजात बाळाची छाती फुगली की ती पिळणेही होते, जे धोक्याचे आहे, कारण ती सूज आईच्या संप्रेरकांमुळे येते आणि आपोआप जाते. मुलींना पहिल्या आठवड्यात कधी रक्ताचा डाग जातो, त्याचेही कारण तेच. शिवाय ती आजी आता कुठे आहे, हाही प्रश्न आहेच. वाड्यात वाढलेल्या बाईने स्वतःचे मूल होण्याआधी धाकटी भावंडे, जावांची पोरे मांडीवर खेळवलेली असत. पिंपरी-चिंचवडच्या सदनिकेत राहणाऱ्या जोडप्याने पहिल्यांदा हातात धरलेले नवजात बाळ बहुधा स्वतःचेच असते. आजी महिनाभर येऊन जाते आणि तिनेही शेवटचे तान्हे तीस वर्षांपूर्वी सांभाळलेले असते. पुढचे सगळे मोबाइलवर, आणि मोबाइल दर रडण्याला एक नवा आजार सुचवतो. म्हणून आजीला वगळून केलेला कोणताही कार्यक्रम मला नको आहे. तिला शेजारी बसवूनच हे सांगायला हवे, कारण रात्री दोनला निर्णय घेणारी तीच असते आणि सुनेने ‘डॉक्टर असं म्हणाले’ एवढे सांगून तिचे समाधान होत नसते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. रडणे स्वाभाविक आहे असे सांगत सुटलो, तर खरोखर आजारी असलेले बाळ घरीच राहील, अशी भीती डॉक्टरांना वाटते. मला वाटते, धोका नेमका उलट बाजूला आहे. आजारी नवजात बाळ पुष्कळदा मोठ्याने रडत नाही. ते मंदावते, दूध ओढायचे सोडते, अंग थंड किंवा कढत लागते, हात लावल्याशिवाय हालचाल करत नाही, श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त होतात, छाती आत ओढली जाते, झटके येतात. कावीळ पहिल्या चोवीस तासांतच दिसली किंवा तळहात-तळपायांपर्यंत पोहोचली, तरी थांबायचे नसते. आता आपल्या घरांत काय होते ते बघा: सात तास न रडता, न पिता झोपून राहिलेल्या सहा दिवसांच्या बाळाला आपण ‘गुणी बाळ’ म्हणतो, आणि तरतरीत, लालबुंद होऊन ओरडणाऱ्या, कडेवर घेतल्यावर गप्प होणाऱ्या, भरपूर लंगोट ओले करणाऱ्या बाळाला घेऊन धावतपळत दवाखाना गाठतो. ज्याला निरोगी बाळाचे वागणे ठाऊक आहे, त्यालाच बिघाड लवकर दिसतो. लक्षणांची यादी पाठ करून ती नजर येत नाही.

आणि आईचे काय? गोव्यात २७० मातांवर झालेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के मातांमध्ये नैराश्य आढळले. गरिबी, नवऱ्याशी बिघडलेले संबंध आणि मुलगी होणे या गोष्टींचा त्यात वाटा होता. हे सहा-आठ आठवडे म्हणजे पुन्हा तोच काळ. बाळाचे रडणे नैराश्याला एकटे कारण ठरते असे मी म्हणत नाही, पण आधीच खचलेल्या बाईला रोज संध्याकाळी तीन तास ‘तुला बाळ सांभाळता येत नाही’ असे तोंडावर किंवा पाठीमागे ऐकावे लागत असेल, तर त्याचा परिणाम काय होत असेल हे समजायला अभ्यासाची गरज नाही. तिला आणि तिच्या नवऱ्याला हेही स्पष्ट सांगायला हवे की डोके फिरायची वेळ आली तर बाळाला पाळण्यात उताणे, सुरक्षित ठेवून पाच मिनिटे खोलीबाहेर जाणे हा गुन्हा नाही, आणि रागाच्या भरात त्याला गदागदा हलवणे मात्र कधीच नको, कारण मेंदूतल्या नाजूक रक्तवाहिन्या त्याने तुटू शकतात. आपल्याकडे हे वाक्य उच्चारायलाच लोक बिचकतात, जणू ते ऐकून कोणी तसे करायला शिकेल.

हे करायचे कोणी आणि कधी, याची सोय बरीचशी आधीच आहे. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर स्त्रियांची तपासणी होते आणि त्या दिवशी आरोग्य केंद्राच्या बाकावर बायका तासन्‌तास बसून असतात. सातव्या-आठव्या महिन्यातल्या बायकांना आणि सोबत आलेल्या सासूला, आईला, त्याच बाकावर दुसऱ्या रात्रीची आणि सहाव्या आठवड्याची गोष्ट सांगता येईल. डिस्चार्जच्या आदल्या दिवशी खाटेजवळ टॉर्च आणि आवाजाचे ते दहा मिनिटांचे प्रात्यक्षिक व्हावे, आणि खाजगी प्रसूतिगृहांची नोंदणी ज्या नियमांखाली होते, त्यांत त्याची नोंद बंधनकारक करावी, कारण शहरातला मध्यमवर्ग आशाताईंच्या वाट्याला येतच नाही. अठ्ठावीस आणि बेचाळीस यांच्यामध्ये पस्तिसाव्या दिवशी एक भेट वाढवावी, आणि त्या भेटीत वजनाच्या जोडीला दोन प्रश्न विचारावेत: संध्याकाळी बाळ किती वेळ रडते, आणि तेव्हा ते कोणाच्या हातात असते? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर रोज ‘आईच्याच’ असे असेल, तर आशाताईंनी बोलायचे ते सासूशी आणि नवऱ्याशी.

अर्थात आशाताईंवर आणखी एक फॉर्म लादून हे होणार नाही. कार्यक्रम सुरू झाला तेव्हा सगळ्या भेटी पूर्ण केल्यावर त्यांना २५० रुपये द्यायचे ठरले होते. सहा भेटींवर वाटले तर एका भेटीला ४२ रुपयेही पडत नाहीत. तेवढ्यात वजन करणे, ताप मोजणे आणि रकाने भरणे एवढेच होते, बसून बोलणे होत नाही. बोलण्याला काम मानायचे असेल तर त्याचा वेगळा मोबदला ठरवावा लागेल आणि प्रशिक्षणात पुतळ्याऐवजी जिवंत बाळ दाखवावे लागेल.

राहता राहिला बाप. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यांना पंधरा दिवसांची पितृत्व रजा मिळते. खाजगी नोकरीत तेवढीही कायद्याने बंधनकारक नाही, आणि ती असायला हवी. पण ज्यांना मिळते, तेही ती बाळ जन्मल्याबरोबर संपवून टाकतात, म्हणजे बाळ सर्वांत जास्त झोपते आणि घरात माणसांची सर्वांत जास्त वर्दळ असते त्या पंधरवड्यात. ही रजा बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत केव्हाही घेता येते. आठवडाभर तरी तिच्यातला पाचव्या-सहाव्या आठवड्यासाठी राखून ठेवावा, आणि त्या आठवड्यात रोज संध्याकाळी सहा ते नऊ बाळ बापाच्या खांद्यावर असावे.